विरजणाला नाही म्हणू नये

नोकरीला लागून पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा मी कंपनीचं सगळं विरजण मारलं. मारलं म्हणजे उकळून मारलं. दोन टाक्या शेजारी-शेजारी होत्या. एकीत नुसतं पाणी होतं आणि ते वाफेनं कडकडीत तापवायचं होतं. दुसरीत जिवंत यीस्ट होतं आणि त्याला अंगाच्या उबेपलीकडं काही सोसत नव्हतं. वाफेचे व्हॉल्व्ह दोन्हींना एकाच रंगाचे. मी मोठ्या आत्मविश्वासानं फिरवला तो नेमका दुसरीचा. थोड्या वेळानं पीठ शिजल्यासारखा वास सुटला, तर मला वाटलं, आज कॅन्टीनमध्ये काहीतरी चांगलं आहे.

मी फलटणचा. तिथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, दुसऱ्या वर्गात. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीत मला शिफ्ट केमिस्ट म्हणून घेतलं तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले होते. १९९५ साल होतं. पेढ्यांचा वास अजून हाताला होता आणि मी टाकीचं झाकण उघडून आतला पांढरा चिकट लगदा बघत उभा होतो.

मागून कृष्णात आला. कृष्णात आमचा ऑपरेटर, माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, आष्ट्याचा. त्यानं आत डोकावून वास घेतला, मग माझ्याकडं बघितलं.

“शिजवलं व्हय, केमिस्टसाहेब?”

मी मान हलवली. तो टेस्टिंगच्या खोलीत गेला, फ्रीज उघडला आणि बर्फाच्या ट्रेमागून जॅमची एक जुनी बाटली काढली. तोंडाला फडकं, त्यावर रबर. आत तेच यीस्ट, जिवंत, बुडबुडे सोडणारं. प्रत्येक बॅच झाली की तो त्यातलं थोडं बाजूला काढून ठेवायचा आणि अधूनमधून त्याला गुळाचं पाणी पाजायचा. हे कुठल्याही नियमात नव्हतं. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. सगळं दही कवा खायाचं न्हाई, चमचाभर मागं ठेवायचं, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं, आणि कंपनीच्या नियमांपेक्षा ते त्याला जुनं वाटत होतं.

आता आमच्याकडं काय बनायचं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, तेव्हा थोडं सोसा. औषधात पडणारे काही पदार्थ दोन रूपांत असतात. आपले दोन हात असतात तसे. बोटं तीच, तळवा तोच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात जात नाही. शरीराला त्यातला एकच हात चालतो. दुसरा कधी नुसताच निरुपयोगी, तर कधी अपाय करणारा. जुन्या पद्धतीनं भट्टीत बनवलं की निम्मे डावे आणि निम्मे उजवे निघतात. मग ते निवडत बसा, निम्मा माल फेकून द्या, आणि निवडायला वापरलेली आम्लं नि द्रावणं मागच्या ओढ्यात सोडा. आमच्या शेठचा दुसरा कारखाना तेच करायचा. त्या ओढ्यात म्हशी उतरत नसत.

एन्झाइमचं तसं नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणायचे. हे विकर यीस्टच्या पोटात असतं आणि ते फक्त एकाच हाताचा माल तयार करतं. तेही साध्या पाण्यात, मळीच्या गोडीवर, ना उकळी ना आम्ल. कृष्णात नव्या माणसाला हेच सांगायचा, पण त्याच्या पद्धतीनं. “बैलजोडी बगा. डावीकडचा बैल उजवीकडं जुपला तर चालतुय का? लाथा घालतुय. आमचं यीस्ट हाय न्हवं, ते फकस्त उजवं बैल जल्माला घालतंय.” मी कॉलेजात तीन वर्षं जे वाचलं ते एवढंच होतं, फक्त त्यात बैल नव्हते.

तर त्या दिवशी जॅमच्या बाटलीनं मला वाचवलं. आमचे मुख्य शास्त्रज्ञ देवदत्त सर दुपारी आले. सर वाईचे, पुण्याला डॉक्टरेट केलेले, हळू बोलणारे. यीस्टचं मूळ वाण त्यांच्या कपाटात कुलपात असायचं, नळ्यांवर आकडे घातलेले, आणि त्याची मोजदाद शेठ स्वतः करायचे. पण त्या नळीतून टाकीभर यीस्ट वाढवायचं तर आठवडा मोडला असता आणि मुंबईची गाडी चुकली असती. सर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी कृष्णातला चहाला बोलावलं आणि विचारलं, ही बाटली कशासाठी?

कृष्णातला कुणी काही विचारलं की झालं. माणूस मुळात बढाईखोर. आष्ट्याहून एस.टी.नं येताना तो कंपनीचा निळा गणवेश घरूनच घालून यायचा, कारण गावानं बघितला नाही तर गणवेशाचा उपयोग काय. हेल्मेट मात्र एस.टी.त मांडीवर. त्या दिवशी प्रत्यक्ष सर विचारतायत म्हटल्यावर त्याची गाडी उतारालाच लागली. त्याची आई बनुबाई, तिचं दही, आणि आष्ट्यातली रीत. विरजण कुणीही मागावं. त्याचे पैसे घेत नाहीत आणि त्याला नाही म्हणत नाहीत. चुलत्याशी बांधावरून डोकी फुटली होती, कोर्टात तारखा चालल्या होत्या, पण चुलतीच्या घरातलं दही आमच्याच विरजणाचं, असं तो अभिमानानं म्हणाला. मागणाऱ्याचं दूध तापून निवलेलं असतंय, त्याला थांबायला येत न्हाई, म्हणून.

सर हसत ऐकत होते. “म्हणजे कुणालाच नाही म्हणत नाही?” त्यांनी विचारलं.

“कुणालाच न्हाई.”

मी शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होतो. मला ती गंमत वाटली.

सर आणि कृष्णात यांची ओळख माझ्या आधीची. सरांना असं यीस्ट हवं होतं जे गोड्या रसात वाढतं आणि तरी आमचं ते जहाल रसायन सोसतं. त्यासाठी ते एका हंगामात गुऱ्हाळं पालथी घालत होते. काहिलीत उकळणाऱ्या रसावर जी मळी येते ती बाजूला काढून टाकतात, तिथं ती आंबते. एक शहरी माणूस ती घाण बाटलीत भरून नेतोय हे बघून आष्ट्यातली पोरं हसली. हसला नाही तो एकटा कृष्णात. चुलत्याच्या गुऱ्हाळावर तो काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड घालायला होता, पण मळीच्या खड्ड्यात उतरून सरांना जुनीपुराणी, उग्र वासाची मळी त्यानंच काढून दिली. त्याच मळीत आमचं यीस्ट सापडलं. पुढच्या वर्षी सरांनी त्याला कंपनीत आणलं. त्यामुळं तो त्या यीस्टला ‘माझं विरजण’ म्हणायचा, आणि सरांना देवाच्या खालोखाल मानायचा. देवाच्या खालोखाल म्हणजे बरोबरीनंच, देव रागावू नये म्हणून खालोखाल.

काम तसं तो बेतासबात करायचा. रीडिंग लिहायला कंटाळायचा, मीच लिहायचो. पण पोलॅरिमीटर लावला की धावत यायचा. हे यंत्र म्हणजे दुर्बिणीसारखी एक नळी. आपला माल त्यात घालून डोळा लावला की प्रकाश कोणत्या बाजूला वळला ते दिसतं, म्हणजे माल डाव्या हाताचा की उजव्या हाताचा ते कळतं. त्यातल्या बारीक रेघांवरचे आकडे त्याला लावता यायचे नाहीत. तरी तो डोळा लावायचा, हुं म्हणायचा आणि मला सांगायचा, “वळलाय. लिवा.” प्रदूषणवाल्या खात्याचे साहेब तपासणीला आले की तो आमच्या सांडपाण्याच्या पाइपाखाली दोन्ही हात धरून तोंडावर पाणी मारायचा. सर त्याला नको नको म्हणायचे. साहेब मात्र खूश होऊन जायचे.

हे सगळं छान चाललं होतं, आणि छान चाललेलं सांगण्यात मजा नसते, म्हणून पुढं जातो.

धैर्यशील नावाचा एक बॉयलरवाला आमच्याकडं होता. कृष्णातच्याच गल्लीतला, दोघं एका पाटीवर लिहायला शिकलेले. तो सोडून साताऱ्याच्या एका नव्या कंपनीत गेला होता. श्रावणातल्या एका रविवारी तो आष्ट्याला आला आणि कृष्णातच्या सोप्यात बसून रडकुंडीला आला. त्यांच्याकडंही असंच काम सुरू केलंय, यीस्टची टाकी त्याच्या हातून मेली, मालक उद्या हाकलून देणार, घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. थोडं विरजण दे रं, एवढी बॅच निघाली की झालं.

कृष्णात नाही म्हणाला नाही. म्हणायचा प्रश्नच नव्हता, माझ्यासाठी बाटली काढताना आला होता का? आणि खरं सांगायचं तर त्याला आवडलंही असणार. साताऱ्याची कंपनी आष्ट्याच्या कृष्णातकडं विरजण मागते. दुसऱ्या दिवशी त्यानं ताकाच्या बरणीत ते भरलं. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, काय आहे? त्यानं सांगितलं, विरजण. वॉचमननं झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि सांगितलं की तुमच्या म्हशीला दाखवून घ्या.

दिवाळीनंतर मुंबईच्या खरेदीदारानं शेठला फोन केला. साताऱ्याहून तोच माल, त्याच शुद्धतेचा, कमी भावात मिळतोय.

शेठच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. शेठ, देवदत्त सर, कृष्णात आणि शिफ्टचा केमिस्ट म्हणून मी. सरांनी कपाटातल्या सगळ्या नळ्या आणून टेबलावर मांडल्या होत्या. एकही कमी नव्हती. मग सरांनी विचारलं, “कृष्णात, आपल्या बाटलीतलं कुणाला दिलंस का?”

किती नेमका प्रश्न होता, ते मला फार उशिरा कळलं.

“दिलं की,” कृष्णात म्हणाला. “धैर्यशीलला. त्याचं मेलं हुतं.”

शेठ खुर्चीत पुढं सरकले. त्यांना वाटलं होतं, तास-दोन तास उलटतपासणी घ्यावी लागेल. कंपनीची वस्तू बाहेर दिलीस, कुणाला विचारून, असं त्यांनी विचारलं. कृष्णात गोंधळला नाही. त्याला वाटलं, शेठना रीत माहीत नाही, सांगितली की कळेल. तो सरांकडं वळला.

“सर, तुमाला सांगिटलंय की मी. चा पिताना. आमच्यात विरजणाला न्हाई म्हणत न्हाईत.”

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

“असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही,” ते शेठना म्हणाले.

मी तिथंच तोंड उघडलं. म्हटलं, झालं होतं, मी होतो. माझी टाकी कशी मेली, बाटलीनं कंपनीची गाडी कशी वाचवली, सगळं सांगितलं. मला वाटलं, मी त्याची बाजू मांडतोय. शेठनी त्यातून एवढंच उचलून घेतलं की हा माणूस कितीतरी दिवसांपासून नियमाबाहेर बाटली भरून ठेवत होता, आणि शिफ्ट केमिस्टला, म्हणजे मला, ते ठाऊक होतं. सर मान हलवत होते, दुखवटा पाळल्यासारखे. कृष्णात एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा सरांकडं. 

पोलिसात देत नाही, असा शेठनी उपकार केला. गणवेश, बूट, हेल्मेट जमा करून जायचं. आता हा माणूस गणवेश घालूनच घरून येणारा, त्याच्याकडं दुसरे कपडे कुठले? लॉकरमध्ये माझा एक शर्ट होता, तो त्याला दिला. पोटावर बटण लागेना. खाली पँट कंपनीची, ती वॉचमननं दया येऊन राहू दिली. तसा तो आष्ट्याच्या एस.टी.त बसला. रोजची एस.टी., रोजची माणसं.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. कंपनीत चोरी केली. कुणी तोंडावर बोललं नाही. गणपती मंडळाची वर्गणीची पेटी कृष्णातकडं असायची, ती मंडळाची पोरं एका संध्याकाळी येऊन, तुमाला तरास कशाला, म्हणून घेऊन गेली. कोर्टातल्या तारखा चालू ठेवूनच चुलत्यानं गुऱ्हाळावर परत कामाला घेतलं, पण गुळाच्या ढेपा मोजायच्या वेळी त्याला पाणी आणायला पाठवायचा. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा बनुबाई जोत्यावर बसून माझ्याशी न बोलता खांबाशी बोलत होती. “आमच्या काहिलीवरची मळी. आमच्याच पोरानं खड्ड्यातनं काढून दिल्याली. आन आमचंच आमी चोरलं म्हणत्यात.”

कृष्णातला नोकरीचं एवढं वाटत नव्हतं. त्याला एकच हवं होतं. सरांनी शेठला एकदा सांगावं की होय, यानं मला सांगितलं होतं. मग शेठ वॉचमनला सांगतील, वॉचमन एस.टी.च्या कंडक्टरला, आणि कंडक्टर आष्ट्याला. त्यानं सगळा रस्ता मनात आखून ठेवला होता. सर खोटं बोलले असं त्याला वाटतच नव्हतं.

“इसारलं असतील,” तो मला म्हणाला. “त्यांच्या डोक्याला ताप लय हाय. तुमी एकदा आठवण करून द्या.”

मी दिली. सर म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा दिली तेव्हा म्हणाले, वरद, तू तुझ्या कामाकडं लक्ष दे. संक्रांतीनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि ते साताऱ्याच्या त्याच कंपनीत टेक्निकल डायरेक्टर होऊन गेले.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटलं, साताऱ्याला यीस्ट मिळालंय, ते सांभाळणारा माणूसही त्यांना लागणारच, त्यांनी सरांना ओढलं. मी शिकलेला माणूस, मला कारणं लगेच सुचतात.

पुढं होळीच्या सुमारास सरांनीच मला साताऱ्याला बोलावलं. केबिन मोठी होती. काचेपलीकडं नवी कोरी टाकी, आणि तोच आंबूस-गोड वास. सरांनी चहा मागवला. शेठनी प्रक्रियेत हिस्सा देतो म्हणून तोंडी शब्द दिला होता, कैक वर्षं झाली, तो दिला नाही, असं त्यांनी मला सांगितलं. शब्द आधी कुणी मोडला ते बघ, म्हणाले. ते खरंही असावं, कारण बोलताना त्यांचा आवाज प्रथमच चढला होता. मग मला नोकरी देऊ केली. आणि म्हणाले, कृष्णातलाही सांग. इथं सुपरवायझर करतो. पगार दुप्पट.

मला भरून आलं. मी विचारलं, आणि शेठशी तेवढं बोलाल का? त्याच्या गावात फार झालंय.

“आता त्याला काय अर्थ आहे?” सर म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली.

फाटकापर्यंत सोडायला धैर्यशील आला. तो अंगानं सुधारला होता, नजरेनं नाही. बहिणीचं लग्न झालं का, म्हणून मी सहज विचारलं. तो म्हणाला, कुठली बहीण? मग स्वतःच थांबला. फाटकाशेजारच्या टपरीमागं मला नेलं आणि खाली बघत सांगायला लागला. सरांनीच त्याला कोल्हापूरच्या हॉटेलात बोलावून सगळं शिकवलं होतं. कपाटातली नळी नेली तर संशय सरांवर येणार, कारण किल्ली त्यांच्याकडं. म्हणून बाटलीतलं घ्यायचं. “सर म्हणले, त्याला पैशे देऊ नको, पैशे दिलं तर तो द्यायचा न्हाई. तुजं मेलंय म्हणून विरजण माग. तो न्हाई म्हणणार न्हाई.”

“आणि तुमची बॅच?”

“कुठली बॅच? तवा तर टाकीचा चौथरासुदिक बांदला नव्हता.” जरा वेळानं तो म्हणाला, “मला वाटलं हुतं, सर सांभाळून घेतील त्याला.”

त्यानंतरच्या रविवारी मी माझी एम-एटी स्कूटर काढून सांगलीहून आष्ट्याला गेलो. कृष्णात गुऱ्हाळावर होता. चुलवाणापुढं बसून चिपाड आत सारत होता, अंगावर माझ्या शर्टासारखाच कुणाचा तरी तोकडा शर्ट. माझा शर्ट त्यानं धुऊन, इस्त्री करून, कागदात बांधून घरात ठेवला होता. तो बनुबाई मला द्यायला घेऊन आली आणि ऐकत उभी राहिली.

मी आधी चांगली बातमी सांगितली. सरांनी बोलावलंय. सुपरवायझर. पगार दुप्पट.

त्याचा चेहरा जाळानं उजळला होता की आनंदानं, ते कळलं नाही. “सरांनी आठवण काडली?” त्यानं विचारलं. “मग शेठला सांगणार हाईत न्हवं?”

नाही, म्हटलं. आणि मग उरलेलं सांगितलं. हॉटेल, किल्ली, पैसे देऊ नको. मला वाटलं होतं तो भडकेल, धैर्यशीलला शिव्या घालेल, निदान चिपाड फेकेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हंजी त्याचं मेलंच न्हवतं?”

“नव्हतं.”

“गरजच न्हवती.”

“नाही.”

त्यानं जाळाकडं तोंड फिरवलं. चोरीचा आळ, गेलेली नोकरी, मंडळाची पेटी, यातल्या कशानंही त्याचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपलं नुकसान झालं खरं, पण कुणाचं तरी दूध वाचलं. तेवढ्यावर तो उभा होता. ते मीच येऊन काढून घेतलं.

  आजवर तो सरांचं नाव घ्यायचा तेव्हा हात आपोआप छातीशी जायचा, तो आता चिपाडात अडकला होता.

“मग जातोस का साताऱ्याला?” बनुबाईनं विचारलं. तिचं स्पष्ट मत होतं, जावं. दुप्पट पगार म्हणजे दुप्पट पगार.

“न्हाई.”

“का रं?”

“तितं गेलो तर गाव म्हणतंय ते खरंच झालं की, आई. चोरी केली आन मग बक्षीस घ्याला गेला.”

“मग पोटाला नाव खायाचं का?”

 त्यानं चिपाडाची एक मोळी आत सारली. काहिलीतला रस वर चढला, तसं चुलत्यानं पलीकडून ओरडून सांगितलं की जाळ कमी कर, आणि त्यानं निमूटपणे कमी केला. बनुबाई तोंडाला पदर लावून घराकडं गेली. ती रागावली होती की रडत होती, हे पाठमोरं कळण्यासारखं नव्हतं.

मीही साताऱ्याला गेलो नाही. यात माझा मोठेपणा शोधू नका. जाऊन रोज त्या केबिनकडं बघायचं धैर्य नव्हतं, एवढंच. सांगलीत तरी काय राहिलं होतं? साताऱ्याचा माल स्वस्त पडायला लागल्यावर शेठनी यीस्टची टाकी भंगारात काढली आणि जुनी भट्टी पेटवली. डावे-उजवे दोन्ही बैल जन्माला घालायचे, निम्मे मारायचे आणि ओढ्यात सोडायचे. आमच्या पाइपाखाली आता कुणी हात धरला नसता. वर्षभरानं मी फलटणला परत येऊन क्लास काढला. पोरांना विकरं शिकवतो. बैलांचं उदाहरण देतो, ते त्यांना लगेच कळतं. कुणाचं आहे ते सांगत नाही.

पण ते नंतरचं. त्या रविवारी मी निघालो तर एम-एटी सुरू होईना. पेट्रोलच संपलेलं. येताना डोक्यात इतकं काही होतं की टाकी बघायची राहिली होती. पंप गावाच्या पार पलीकडं. कृष्णातनं चुलत्याची लूना भिंतीला टेकवलेली होती तिच्यात नळी घातली, तोंडानं ओढलं, एक घोट थुंकला आणि अर्धा लिटरची बाटली भरून माझ्या टाकीत ओतली. चुलता बघत होता. पुढच्या रविवारी आणून देतो, मी म्हटलं.

“आणा की,” तो म्हणाला. तोंड धुऊनही पेट्रोलचा वास जात नव्हता त्याच्या. “घाई न्हाई.”

पुढच्या रविवारी माझी शिफ्ट लागली. त्याच्या पुढच्या रविवारी बाटली भरून घेऊन गेलो, तर कृष्णात आष्ट्यात नव्हता. कवठे महांकाळकडं कुणाची तरी द्राक्षबाग राखायला गेला होता. तिकडं त्याला कुणी ओळखत नव्हतं, हाच त्या नोकरीचा मुख्य पगार. कुठल्या मळ्यात, ते बनुबाईला सांगता येईना. मी बाटली तिच्यापुढं ठेवली. चुलत्याच्या गाडीत ओता, म्हटलं. तिनं हात लावला नाही. काडलं त्यानं, द्यायचं त्याला, म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

बाटली पिशवीत घालून परत निघालो. सांगलीच्या अलीकडं गाडीनं परत मान टाकली. रस्त्यावर कुणी नव्हतं, ऊन होतं, आणि जवळ अर्धा लिटर पेट्रोल होतं. ते ओतलं. कृष्णातचं देणं अजून तसंच आहे. तेव्हा ते मला नव्यानं भरून घ्यावं लागेल, आणि आधी ती बाग शोधावी लागेल.